अर्धा इंच माया

घराच्या मुख्य दाराच्या चौकटीवर आडवी बांधली जाणारी आणि जिच्यावरून पाने, फुले, गोंडे किंवा मणी खाली लोंबतात अशी माळ म्हणजे तोरण, ही व्याख्या सर्वांना मान्य होण्यासारखी आहे. आंब्याच्या पानांचे व झेंडूच्या फुलांचे तोरण हे तिचे मूळ रूप होय. ते सणाच्या सकाळी बाजारातून येते, संध्याकाळपर्यंत टवटवीत दिसते आणि चौथ्या दिवशी कुरकुरीत झाल्यावर ते उतरवताना कोणाच्याही मनात कसलीही कालवाकालव होत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय मात्र त्याची कापडी आवृत्ती हा आहे. म्हणजे जी घरी शिवली जाते, जी सुकत नाही, कुजत नाही, आणि याच कारणामुळे पुढची वीस वर्षे घरातल्या कोणालाही टाकून देता येत नाही.

संस्कृतात तोरण म्हणजे कमान किंवा कमानदार द्वार. सांचीच्या महास्तूपाच्या चार दिशांना जी दगडी तोरणे उभी आहेत ती इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात, आणि त्यांपैकी दक्षिणेकडच्या तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्या कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद कोरलेली आहे. कलेच्या इतिहासकारांना ही नोंद फार मोलाची वाटते आणि ते योग्यच आहे. परंतु येथे तिचे महत्त्व इतकेच की ‘हे आम्ही केले’ असे तोरणावरच लिहून ठेवण्याची सोय एके काळी होती, ती पुढे बंद पडली, आणि तेव्हापासून तोरण करणाऱ्या व्यक्तीला ही माहिती दारात येणाऱ्या प्रत्येकाला तोंडी द्यावी लागते.

कापडी तोरणाची परंपरा सौराष्ट्र आणि कच्छ या भागांत विशेष समृद्ध आहे. तेथील तोरणाच्या आडव्या पट्टीवर दाट भरतकाम असते, आभले म्हणजे आरशाचे छोटे तुकडे टाक्यांनी जखडलेले असतात आणि पट्टीखाली आंब्याच्या पानांची आठवण देणारे टोकदार कापडी तुकडे ओळीने लोंबतात. लग्नात मुलीबरोबर सासरी जाणाऱ्या भरतकामात अशा तोरणाचा समावेश असे, त्यामुळे तेथे तोरणाची तयारी वर्षानुवर्षे आधी सुरू होई. मराठी पद्धत निराळी आहे. येथे तोरणाची कल्पना श्रावणात सुचते, कापड पोळ्याच्या सुमारास येते आणि कात्री हरतालिकेच्या संध्याकाळी चालू लागते, कारण दुसऱ्या दिवशी गणपती यायचे असतात आणि त्यापूर्वी मराठी माणसाच्या अंगी निकड येत नाही.

अर्थात महाराष्ट्रात हस्तकलेचे प्रदर्शन नव्हतेच असे नाही. विवाहप्रसंगी वधूच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या आणि कलाकुसरीच्या वस्तूंच्या आराशीला रुखवत म्हणतात, आणि एका पिढीपूर्वीच्या रुखवतात काचेच्या नळ्यांचे, मण्यांचे किंवा लोकरीचे एक तरी तोरण असल्यावाचून चालत नसे. त्यावर पुष्कळदा ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे विणलेली असत. या शब्दावर वैयाकरणांचा जुना आक्षेप आहे. ‘स्वागत’ या शब्दातच सु आणि आगत हे दोन घटक असल्यामुळे त्याला आणखी एक ‘सु’ लावणे म्हणजे पाहुण्याला दोनदा चांगले म्हणणे होय. आक्षेप निरुत्तर करणारा आहे, परंतु तो घेणाऱ्यांनी कधी दाराची रुंदी मोजलेली नसावी. नुसते ‘स्वागतम्’ विणले तर चौकटीच्या एका बाजूला वीतभर जागा मोकळी राहते, आणि ती भरून काढण्याचे काम त्या जादा ‘सु’ने महाराष्ट्रातल्या असंख्य दारांवर इमानाने केले आहे.

आजच्या कापडी तोरणाचा मुख्य आधार म्हणजे खण. खण म्हणजे मुळात चोळीसाठी विणलेले, दोन्ही कडांना काठ आणि मध्ये बारीक नक्षी असलेले कापड. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातील गुळेदगुड्ड हे गाव त्याच्या विणकामासाठी प्रसिद्ध आहे. चोळी मागे पडून ब्लाउज आला तेव्हा खण बराच काळ देवीच्या ओटीपुरता उरला होता, परंतु अलीकडच्या काळात त्याला असे काही दिवस आले आहेत की त्याच्या पर्सा होतात, वह्यांची वेष्टने होतात, आकाशकंदील होतात, मोबाइलची पाकिटे होतात. केवळ चोळी तेवढी होत नाही. त्यातच २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आणली आणि गणपतीच्या मखरासाठी पांढरे खांब कापत बसणारी कुटुंबे कापडाकडे वळली. थर्मोकोलचा भुगा आठवडाभर घरभर उडत असे. कापडाचे दोरे वर्षभर सापडतात, एवढा फरक पर्यावरणाच्या दृष्टीने स्वागतार्हच म्हटला पाहिजे.

तोरणासाठी खण विकत आणावा लागतो असा एक गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो घरातच असतो. सवाष्णीच्या ओटीत नारळ आणि तांदूळ यांच्याबरोबर खण किंवा ब्लाउजपीस घालण्याची प्रथा आहे, आणि अशा रीतीने मिळालेले कापड कपाटाच्या खालच्या कप्प्यात एका वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले जाते. त्याचा ब्लाउज शिवण्याचा विचार कोणीही करीत नाही. पुढच्या हळदीकुंकवाला ते दुसऱ्या एखाद्या ओटीत जाते, तेथून तिसऱ्या, आणि असे करत ते पुणे, सातारा, कल्याण, पुन्हा पुणे असा प्रवास करीत राहते. आत्मा अमर असून तो देह बदलतो असे तत्त्वज्ञान सांगते. ब्लाउजपीसच्या बाबतीत देह तोच राहतो आणि फक्त कपाटे बदलतात. या फेऱ्यातून त्याची सुटका करण्याचा आजवर एकच मार्ग सापडला आहे, तो म्हणजे त्यावर कात्री चालवणे. तोरण शिवणारी गृहिणी केवळ दार सजवत नसून एका जिवाला मुक्ती देत असते, ही बाब तिच्या कार्याचे मूल्यमापन करताना सहसा लक्षात घेतली जात नाही.

कापड घरचे असले तरी बाजाराची फेरी चुकत नाही, कारण अस्तर, बकरम, लेस, गोंडे, घुंगरू आणि दोरा घरी नसतो. बकरम म्हणजे खळ देऊन कडक केलेले जाड कापड. शर्टाच्या कॉलरला आणि पडद्याच्या वरच्या चुण्यांना जो ताठा असतो तो त्याच्या जोरावर, आणि तोरणाची आडवी पट्टी मध्येच पोट काढून खाली येऊ नये म्हणून तेच आत घालतात. पुण्यात या खरेदीसाठी बोहरी आळी आणि तुळशीबाग आहे, मुंबईत भुलेश्वर आणि दादर आहे, इतरत्र मॅचिंग सेंटर आहे. शेवटच्या ठिकाणी होणारा एक विधी नोंदवण्याजोगा आहे. दुकानदार दोऱ्याची जी रिळे समोर टाकतो ती सर्व दिव्याच्या उजेडात खणाशी तंतोतंत जुळतात, म्हणून ग्राहक स्त्री खण आणि दोन रिळे घेऊन फुटपाथवर येते, आभाळाकडे पाठ करून ती कापडावर ठेवून पाहते, परत आत जाते, आणखी दोन रिळे घेऊन बाहेर येते, आणि शेवटी ‘मोरपिशी नाही, जरा त्यातलाच’ अशी मागणी करते. दुकानदार पहिलेच रीळ पुन्हा काढून देतो आणि ते पसंत पडते. एवढ्या सगळ्या सामानाची बेरीज आणि रिक्षाचे भाडे मिळून जो आकडा होतो त्यात त्याच गल्लीतून तयार तोरण घेता आले असते आणि वर उसाचा रसही झाला असता. पण हा हिशेब मांडणारा पुरुष त्या घरात फार काळ सुखाने राहिल्याचे ऐकिवात नाही.

आता गणिताकडे वळले पाहिजे, कारण तोरण बिघडते ते येथेच. शिवणकामात माया हा पारिभाषिक शब्द आहे. टीप मारल्यावर कापडाची जी कड शिवणीच्या आत दडते, तिच्यासाठी मापापेक्षा जास्त ठेवलेल्या कापडाला माया म्हणतात. शिंप्याला ब्लाउज टाकताना ‘आत थोडी माया ठेवा’ असे सांगतात ती हीच, आणि पुढे अंग भरले की तीच उसवून उपयोगी पडते. वेदान्तातली माया नसलेले आहे असे भासवते; शिवणकामातली माया असलेले कापड नाहीसे करते. दोन्हींचा विसर पडणे घातक असले तरी वेदान्ताच्या बाबतीत परिणाम दिसायला जन्म जातो, येथे मात्र तो त्याच रात्री दिसतो.

उदाहरणार्थ, दार ४० इंच रुंद आहे असे धरले आणि पानांची संख्या विषम असावी हा संकेत पाळून ११ पाने घ्यायची ठरली, तर साडेतीन इंच रुंदीच्या ११ पानांची ओळ साडेअडतीस इंच होते आणि दोन्ही टोकांना पाऊण-पाऊण इंच मोकळी राहते, हे देखणे प्रमाण आहे. प्रत्येक पानाला दोन्ही बाजूंनी अर्धा इंच माया धरली की कापण्याचे माप साडेचार इंच येते. खणाचा ८० सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे जवळपास साडेएकतीस इंच. पानाच्या टोकाला काठ यावा अशी हौस असेल तर एका काठावर ७ आणि दुसऱ्या काठावर ७ अशी १४ पाने निघतात. हवी असतात ११. उरलेली ३ ही चुकण्यासाठी आहेत, आणि ती शिल्लक राहिल्याचे उदाहरण आढळत नाही. आता मायेचा विसर पडून पाने साडेतीन इंचांचीच कापली गेली तर शिवून झाल्यावर प्रत्येक पान अडीच इंचांचे भरते, ११ पाने मिळून साडेसत्तावीस इंच होतात, आणि मुख्य दारासाठी घेतलेले तोरण देवघराला फार शोभेल असा शोध रात्री साडेअकरा वाजता लागतो. महाराष्ट्रातल्या देवघरांवरची पुष्कळशी तोरणे तेथे कशी पोहोचली याचे हेच स्पष्टीकरण आहे.

४० इंच हे माप कोठून आले हाही स्वतंत्र प्रश्न आहे. ते घेण्याचे काम घरातल्या पुरुषाकडे असते, आणि तो चौकटीच्या आतली मोकळी जागा मोजतो. तोरण बांधायचे असते ते चौकटीच्या लाकडावर, जे दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच बाहेर असते. शिवाय सदनिकांना आजकाल दोन दारे असतात, आतले लाकडी आणि बाहेरचे जाळीचे, व या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत लोंबणारे तोरण जाळीचे दार लावताना बिजागरीपाशी सापडते. हे सर्व टेप हातात असतानाच दिसू शकले असते, असे नंतर दोन्ही पक्ष एकमेकांना सांगतात.

पान शिवण्याची कृती वरवर पाहता सोपी असते. खणाचा आणि अस्तराचा तुकडा सुलट बाजू आत येईल असे एकमेकांवर ठेवून, वरची बाजू मोकळी सोडून, तीन बाजूंनी टीप मारतात आणि मोकळ्या तोंडातून सगळे पान मोज्यासारखे उलटवतात. त्यापूर्वी टोकापाशी माया कातरून बारीक करावी लागते, नाही तर उलटवल्यावर ती टोकात गोळा होते आणि पानाऐवजी बोंडू दिसतो; ती दोऱ्याच्या फार जवळ कातरली तर टोक फुटते. म्हणजे कात्रीला थांबण्यासाठी जेमतेम गव्हाच्या दाण्याइतकी जागा असते. उलटवलेल्या पानाचे टोक आतून बाहेर काढायला पुस्तकांत खास साधन सांगितलेले असते, घरात मात्र विणकामाची सुई, रिकामे बॉलपेन किंवा पळीचा दांडा वापरतात, आणि हलक्या हाताने ढोसता ढोसता पान एकदम छान टोकदार होते, आणखी थोडे टोकदार व्हावे असे वाटते, आणि पळीचा दांडा बाहेर येतो. हे पहिले चुकलेले पान. पहिल्या पानाला पाऊण तास लागतो, पाचव्याला दहा मिनिटे. नवव्या पानाशी हात इतका बसलेला असतो की लक्ष सुटते आणि काठ वरच्या बाजूला जोडला जातो. हे दुसरे. तिसऱ्याचे कारण यंत्राशी निगडित आहे.

शिवणयंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक सुईतून वरून येतो, दुसरा खालच्या बॉबिनमधून म्हणजे छोट्या चकतीवर गुंडाळलेल्या दोऱ्यातून, आणि दोघांची गाठ कापडाच्या मध्यावर पडावी अशी अपेक्षा असते. हातसुईचे नेढे मागे असते, यंत्राच्या सुईचे टोकाजवळ; अशी सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका असलेल्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत एलियास हौ यांना १८४६ मध्ये मिळाले. त्यांनी जे साधले ते निःसंशय थोर होते, पण बॉबिनचा दोरा संपल्याचे वरून दिसत नाही ही उणीव पायाने चालवायच्या घरगुती यंत्रांत तशीच राहिली. पायडल फिरत राहते, सुई खालीवर होते, खटखट उत्साहाने चालू असते, आणि पानाच्या दोन कडा शिवून झाल्यावर लक्षात येते की कापडाला केवळ भोके पडली आहेत.

बहुतेक घरांत यंत्राचा मूळ उद्योग वेगळाच असतो. सोनेरी वेलबुट्टीचे ते काळे यंत्र आईच्या किंवा सासूच्या लग्नापासून घरात असते. त्याच्या फळीवर इस्त्रीला जाणारे कपडे, रद्दी आणि शाळेची दप्तरे राहतात, आणि सणाआधी ही मंडळी पलंगावर हलवली की प्रथम यंत्रात तेल सोडावे लागते. त्या तेलाचा पहिला थेंब नेमका खणावर पडतो. यंत्राची मूळ मालकीण असलेल्या सासूबाई या वेळी शेजारच्या खुर्चीत येऊन बसतात. त्या काहीही सुचवत नाहीत. फक्त ‘आमच्या वेळी आधी कच्चे टाके घालायचे’ एवढे हातातल्या वळत असलेल्या वातीकडे पाहत म्हणतात. कच्चे टाके म्हणजे यंत्रावर जाण्यापूर्वी दोन थर हलू नयेत म्हणून हाताने घातलेला लांब लांब धावदोरा, जो नंतर ओढून काढतात. ते घातले असते तर काठ उलटा जोडला गेला नसता हे सत्य आहे, आणि ते रात्री पावणेबारा वाजता कोणी सांगू नये हेही सत्य आहे. घरातला पुरुष याच सुमारास स्टूल, हातोडी आणि तीन खिळे घेऊन येतो व ‘झालं का?’ असे विचारतो.

परदेशातल्या मराठी घरांत खिळ्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण भाड्याच्या घराच्या चौकटीत खिळा ठोकला तर घरमालक अनामत रक्कम कापतो. तेथे चिकटणाऱ्या आकड्यांवर तोरण लटकते. आंब्याची पाने मिळण्याची मारामार असल्यामुळे कापडी तोरणाला तेथे विशेष मान आहे. ते बॅगेत चकल्यांच्या डब्यावर, धक्का लागू नये म्हणून, पसरून पाठवले जाते. धक्का तोरणाला लागू नये की चकल्यांना, हे पाठवणाऱ्या आईने कधी स्पष्ट केलेले नाही.

तोरण अखेर लागते. परंतु ते लागल्याने पूर्ण झाले असे समजणे ही नवशिक्याची चूक होय; ते पूर्ण होते ते पहिल्या पाहुण्याने ‘अय्या, हे कुठून घेतलंत?’ असे विचारल्यावर. या प्रश्नाचे उत्तर अत्यंत सहज, मोदकाचे ताट पुढे करता करता, जणू विषय महत्त्वाचा नाही अशा सुरात द्यायचे असते: ‘छे हो, घरीच केलंय.’ ज्या घरात दुपारपर्यंत कोणीही विचारीत नाही तेथे पाहुण्यांना दारातच थोडे अधिक वेळ थांबवून चपलांच्या जागेविषयी बोलण्याची पद्धत आहे, आणि तरीही नजर वर न गेल्यास ‘डोक्याला गोंडा लागेल हं, सांभाळून’ असे सुचवले जाते, उंची पाच फुटांची असली तरी. पाहुण्यांतही दर्जे असतात. सामान्य पाहुणी कौतुक करते. उत्साही पाहुणी ‘मलाही एक करून दे ना, कापड मी देते’ म्हणते, आणि त्या कापडाच्या गठ्ठ्यात काय असते ते वर आलेच आहे. पण शिवणाची जाणकार असलेली एखादी काकू काहीच विचारीत नाही. ती नुसता हात वर करून एक पान उलटे करते, अस्तराची बाजू बघते, टीप नखाने चाचपते आणि पान सोडून देते. त्या दोन सेकंदांत यजमानीण श्वास घेत नाही.

विसर्जनानंतर तोरण साडीच्या दुकानाच्या पिशवीत, एका उरलेल्या घुंगरासह, माळ्यावर जाते आणि काही वर्षे इमानाने खाली-वर करते, तोवर कुटुंब नव्या सदनिकेत राहायला जाते आणि तेथले दार चांगले सहा इंचांनी रुंद निघते. पट्टीच्या दोन्ही टोकांना दुमडलेली माया उसवली की एक-दीड इंच मिळतो. बाकीच्या जागेसाठी आणखी एखादे पान शिवायचे तर अगदी त्याच रंगाचा, त्याच काठाचा दुसरा खण कपाटात मुद्दाम ‘लागला तर’ म्हणून जपून ठेवलेला होता, हे स्पष्ट आठवते. आणि तो मागच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला, गठ्ठ्यातला समजून, कोणाच्या तरी ओटीत गेला, हेही हळूहळू आठवते. अशा वेळी तो शोधायला बाजारात जाण्यात अर्थ नसतो, कारण तो फिरत फिरत परत येतोच. फक्त बहुधा अनंत चतुर्दशीनंतर येतो.